पुढचं मॉडेल येईपर्यंत

पुणे जिल्ह्यात निरगुडसर, पारगाव, अवसरी या पट्ट्यातल्या झेरॉक्स आणि ऑनलाइन सेवेच्या दुकानात शिरलं की संगणक डोळ्यांना आधी दिसत नाही, पायाला लागतो. टेबलाखाली दोन विटांवर तो काळा डबा उभा असतो, फरशी पुसताना पाणी लागू नये म्हणून. लोक त्याला सरसकट ‘सीपीयू’ म्हणतात. मागच्या बाजूला निळ्या टोकाची जाड केबल असते. तिला दोन स्क्रू, त्यातला एक कधीच हरवलेला. बाजूला यूपीएस, वीज गेली की टुकटुक करणारा. उसाच्या हंगामात भीमाशंकर कारखान्याकडे निघालेल्या ट्रॅक्टर-ट्रॉल्या रस्त्यावरून गेल्या की उडालेली धूळ आत येते आणि डब्याच्या पंख्यात जाऊन बसते.

असा डबा कधीतरी बदलायला येतो. दाखल्यांची रांग लागलेली असताना तो हँग होतो, फॉरमॅट मारून पंधरा दिवस बरा चालतो, पुन्हा रडतो. आता छोटा डेस्कटॉप घ्यावा, टेबलावर वहीएवढ्या जागेत बसेल, असं ठरतं. तेवढ्यात पुण्याहून आलेला भाचा म्हणतो, “मामा, थांबा जरा. नवीन येतोय.”

आणि मामा थांबतात. या एका वाक्यापायी महिने जातात, कधी वर्षही. भाच्याचं म्हणणं दर वेळी चूकच असतं असं नाही. पण त्यामागे जे समज असतात ते एकेक करून तपासायला हवेत, कारण त्यांतले बरेचसे टिकत नाहीत.

“दरवर्षी नवा येतोच”

मोबाइलमुळे ही सवय लागली आहे. आयफोन बहुतेक दर सप्टेंबरला येतो, म्हणून बाकी सगळंही तसंच येत असेल असं वाटतं. छोट्या डेस्कटॉपचा इतिहास वेगळा आहे. ॲपलचा मॅक मिनी जानेवारी २००५ मध्ये स्टीव्ह जॉब्ज यांनी दाखवला. त्याच्या अलीकडच्या पिढ्यांच्या तारखा ओळीने मांडल्या तर अशा दिसतात: ऑक्टोबर २०१२, ऑक्टोबर २०१४, ऑक्टोबर २०१८, नोव्हेंबर २०२०, जानेवारी २०२३, ऑक्टोबर २०२४. दोन वर्षं, मग चार, मग दोन, मग सव्वादोन, मग पावणेदोन. यातून पुढची तारीख काढता येत नाही.

मधलं ते चार वर्षांचं अंतर नीट पाहण्यासारखं आहे. निरगुडसरच्या परिसरातच अवसरी खुर्दला २००९ मध्ये सुरू झालेलं शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय आहे. २०१४ मध्ये तिथे पहिल्या वर्षाला बसलेल्या कोणी ‘याच्या पुढचा आला की घेऊ’ असं ठरवलं असतं, तर तो पदवी घेऊन २०१८ च्या उन्हाळ्यात बाहेर पडला असता आणि नवा मॅक मिनी मात्र त्याच वर्षी ३० ऑक्टोबरला जाहीर झाला. चारही वर्षं संगणकाविना.

कधीकधी ‘पुढचा’ ज्या कंपनीकडून हवा असतो, तिच्याकडून तो येतच नाही. इंटेलचा ‘नक’ हा विंडोजवाल्या छोट्या डब्यांमधला नावाजलेला संगणक. जुलै २०२३ मध्ये इंटेलने त्यातून अंग काढून घेतलं आणि पुढचं काम असुसकडे सोपवलं.

कंपन्या आधी का सांगत नाहीत, याचं उत्तर जुनं आहे. १९८१ मध्ये ऑस्बर्न-१ हा उचलून नेता येणारा संगणक १,७९५ डॉलरला निघाला आणि धडाक्यात खपला. १९८३ मध्ये त्याच्या पुढच्या यंत्राची चर्चा आधीच सुरू झाली, दुकानांनी हातातल्या मालाच्या ऑर्डरी थांबवल्या, आणि त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये कंपनी दिवाळखोरीत गेली. कायप्रोसारख्या मोठ्या पडद्याच्या स्पर्धकांचाही त्यात हात होता. तरी धडा सगळ्यांच्या लक्षात राहिला: पुढचं आधी सांगितलं की आजचं विकलं जात नाही. त्यामुळे ‘नवीन येतोय’ ही बातमी बहुतेक वेळा कंपनीची नसते, अंदाज बांधणाऱ्यांची असते.

“थांबलं की भाव उतरतो”

संगणक दरवर्षी स्वस्त होतात, ही समजूत एका खऱ्या गोष्टीवर उभी आहे. गॉर्डन मूर यांनी १९६५ मध्ये मांडलं की चिपवर बसणाऱ्या घटकांची संख्या दरवर्षी दुप्पट होते. १९७५ मध्ये त्यांनीच तो काळ दोन वर्षांचा केला. पण हे विधान चिपवरच्या गर्दीबद्दल आहे, दुकानातल्या बिलाबद्दल नाही.

बिलाचं असं झालं. २०१४ चा सर्वांत स्वस्त मॅक मिनी अमेरिकेत ४९९ डॉलरला होता. चार वर्षं वाट पाहिलेल्यांना २०१८ मध्ये तो ७९९ डॉलरला मिळाला. भारतात ७५,९०० रुपयांना. मग २०२० मध्ये भारतातली सुरुवातीची किंमत ६४,९०० झाली, २०२३ मध्ये ५९,९००, आणि २०२४ मध्येही ५९,९००. शेवटच्या टप्प्यात किंमत हलली नाही, पण मूळ रॅम ८ जीबीवरून १६ जीबी झाली. म्हणजे २०२४ च्या सप्टेंबरात ज्यांनी महिनाभर कळ काढली, त्यांचा खरोखर फायदा झाला. २०१४ नंतर थांबलेल्यांचा झाला नाही. थांबणं दोन्ही वेळा सारखंच होतं.

भाव वरही जातात, आणि ज्या कारणांनी जातात ती जवळच्या मंचरच्या बाजारात कुणाला दिसत नाहीत. २०२५ च्या अखेरीस कृत्रिम बुद्धिमत्तेच्या डेटा सेंटरनी मेमरीच्या चिपा एवढ्या प्रमाणात उचलल्या की साध्या संगणकांची रॅम महागली. रास्पबेरी पाय ५ हा तळहाताएवढा संगणक. त्याच्या १६ जीबीच्या मॉडेलची किंमत डिसेंबर २०२५ मध्ये १२० डॉलरवरून १४५ डॉलर झाली. त्याच महिन्यात मायक्रॉनने ‘क्रुशल’ या नावाने घरगुती ग्राहकांना मेमरी विकणं बंद करणार असल्याचं जाहीर केलं. गावोगावच्या दुरुस्तीच्या दुकानांतून ज्या नावाची रॅम जुन्या संगणकांत बसवली जायची, त्यांतलं हे एक.

सरकारी कागदही भाव हलवू शकतो. ३ ऑगस्ट २०२३ रोजी केंद्र सरकारने लॅपटॉप, टॅब्लेट यांच्या आयातीवर परवान्याची अट घातली. त्या यादीत अगदी छोट्या आकाराचे संगणकही नाव घेऊन होते. दुसऱ्याच दिवशी अंमलबजावणी पुढे ढकलली, पुढे परवान्याच्या जागी नोंदणीची सौम्य पद्धत आली आणि गोंधळ निवळला. पण त्या ऑगस्टमध्ये, ‘दिवाळीत घेऊ’ म्हणणाऱ्याला दिवाळीत माल मिळेल की नाही हे कुणीच सांगू शकत नव्हतं.

एका जातीचं थांबणं मात्र शहाणपणाचं आहे. दसरा-दिवाळीच्या सवलतींची तारीख पंचांगात असते, अफवेत नसते. कॉलेजचे विद्यार्थी आणि शिक्षक यांच्यासाठी ॲपलची वेगळी किंमतही असते. २०२४ चा मॅक मिनी त्यांना ४९,९०० पासून होता. अवसरीच्या विद्यार्थ्याला हे दहा हजार पुढच्या चिपेपेक्षा जास्त उपयोगाचे.

“नवा म्हणजे सगळ्याच बाबतीत पुढे”

इथे सगळ्यात जास्त लोक फसतात, म्हणून जरा थांबून पाहू.

२०१२ चा वरच्या दर्जाचा मॅक मिनी चार कोअरचा होता आणि त्याची रॅम खालचं झाकण फिरवून हाताने बदलता यायची. २०१४ चा ‘सुधारित’ मिनी आला तो फक्त दोन कोअरचा, आणि रॅम पाटीवरच झाळलेली. एकाच वेळी अनेक कामं चालवायची झाली तर दोन वर्षं जुना संगणक नव्याला मागे टाकत होता. नवा स्वस्त होता हे खरं, पण ज्यांना ताकद हवी होती ते उलटे फिरून जुना शोधत होते.

दुसरं उदाहरण डब्याच्या पाठीवर आहे. २०२३ च्या मॅक मिनीला रुंद तोंडाचे दोन यूएसबी पोर्ट होते, नेहमीचा पेन ड्राइव्ह लावायचे. २०२४ चा १२.७ सेंटिमीटरच्या चौरसात बसला, जवळपास दिवाळीच्या मिठाईच्या अर्धा किलोच्या खोक्याएवढा, आणि ते दोन्ही पोर्ट गेले. पुढे दोन, मागे तीन, सगळे टाइप-सी. चालू करायचं बटण डब्याच्या खाली गेलं. आता निरगुडसरच्या दुकानाचं टेबल डोळ्यांसमोर आणा: प्रिंटर, स्कॅनर, अंगठ्याचं यंत्र, दर पाच मिनिटांनी कुणीतरी पुढे केलेला पेन ड्राइव्ह. प्रत्येकासाठी हब हवा. तो निळ्या टोकाच्या केबलचा मॉनिटर नव्या एचडीएमआयला जोडायचा तर कन्व्हर्टर हवा. मॅक मिनीसोबत मॉनिटर, कीबोर्ड, माऊस येत नाहीत. २००५ पासून ‘तुमचं तुम्ही आणा’ हीच त्याची रीत आहे. विंडोजचे काही मिनी पीसी तर रॅम, एसएसडी आणि विंडोज यांच्याशिवाय नुसते सांगाडे म्हणून विकले जातात. किंमत वाचताना हे आधी वाचावं.

पण खरी अडचण सॉफ्टवेअरची. गावातलं पत्रिका-फ्लेक्सचं काम वर्षानुवर्षं श्री-लिपीवर झालं आहे. पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेकची ही देणगी, आणि मराठी छपाईवर तिचे उपकार मोठे आहेत. जुन्या आवृत्त्यांबरोबर एक छोटं हार्डवेअरचं ‘लॉक’ यायचं. ते मागे खोचलं तरच अक्षरं उमटायची. असं लॉक, त्याचा जुना ड्रायव्हर, त्यावर पेजमेकर नाहीतर कोरलड्रॉच्या जुन्या फायली, त्यांत मागच्या पंधरा वर्षांच्या लग्नपत्रिका. नवा संगणक कितीही वेगवान असला तरी हे सगळं त्यावर चालेलच असं नाही, आणि युनिकोडच्या आधीच्या फाँटमधला मजकूर नव्या प्रोग्राममध्ये उघडला तर कचरा दिसतो. टॅलीप्राइम विंडोजवरच चालतं, म्हणजे पतसंस्थेचा हिशोब लिहिणाऱ्याने मॅकच्या वाटेला जाण्याआधी दहादा विचार करावा. अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांना लागणारं सॉलिडवर्क्सही विंडोजवरचंच. आधारसाठी लागणाऱ्या अंगठ्याच्या यंत्रांची सोय मुख्यतः विंडोज आणि अँड्रॉइडवर. इंटेलच्या जुन्या मॅकवर बूट कॅम्प वापरून विंडोज टाकता यायचं. २०२० पासूनच्या ॲपलच्या स्वतःच्या चिपवर ती सोय उरलेली नाही.

म्हणजे ‘नवा येतोय का’ याआधीचा प्रश्न ‘माझं लॉक त्यावर चालेल का’ हा आहे. याचं उत्तर कुठल्याही अफवेत सापडत नाही. लॉक खिशात घालून दुकानात जावं लागतं.

“एवढासा डबा, त्यात दम किती असणार”

मोठ्या डब्यात बरीचशी हवाच असते. छोट्या डेस्कटॉपमध्ये बहुधा लॅपटॉपच्या जातीची चिप असते, किंवा डेल ऑप्टिप्लेक्स मायक्रो आणि लेनोवो थिंकसेंटर टायनी यांच्यासारख्यांत इंटेलच्या ३५ वॉटच्या ‘टी’ नावाच्या चिपा. दाखले, टायपिंग, हिशोब, पत्रिका, फोटोची दुरुस्ती यांना त्या पुरून उरतात. तासन्‌तास व्हिडिओ एडिटिंग किंवा मोठे गेम असतील तर टॉवरला अजून मान आहे.

लोडशेडिंगच्या गावात या लहानपणाचा एक फायदा शहरी माणसाच्या लक्षात येत नाही. २०१८ च्या इंटेल मॅक मिनीला नुसतं चालू राहायला सुमारे २० वॉट लागायचे. २०२४ च्याला सुमारे ४. ६०० व्हीएच्या साध्या यूपीएसमधली १२ व्होल्ट, ७ अँपिअर-तासांची बॅटरी कागदावर ८४ वॉट-तास धरते, हातात त्याहून बरीच कमी येते. जुना टॉवर आणि मॉनिटर मिळून दीडशे वॉट ओढत असतील तर अर्धवट अर्ज सेव्ह करेपर्यंत ती दम टाकते. छोटा डबा आणि एलईडी मॉनिटर मिळून चाळीसच्या आत राहिले तर समोरच्या माणसाचा अर्ज भरून, प्रिंट सोडून बाकी सगळं उरकता येतं. शिवाय हा डबा मॉनिटरच्या पाठीला पट्टीवर अडकवता येतो. विटा गेल्या, फरशीचं पाणी गेलं. धूळ मात्र जात नाही. छोटा पंखा लवकर तुंबतो, त्यामुळे ऊस संपला की ब्लोअर मारायचाच.

“रॅम काय, नंतर टाकू”

मॅक मिनीत नाही टाकता येत. रॅम चिपेच्या शेजारी पक्की बसवलेली असते, जी पहिल्या दिवशी घेतली ती शेवटच्या दिवसापर्यंत. टायनी, मायक्रो या जातीच्या विंडोज डब्यांत बहुतेक वेळा लॅपटॉपची रॅम आणि पट्टीसारखी एसएसडी बदलता येते. ज्याला थोडे पैसे आज आणि थोडे पुढच्या वर्षी घालायचे आहेत, त्याच्यासाठी हा फरक मॉडेलच्या वर्षापेक्षा मोठा.

“अमेरिकेतून आणला की निम्म्यात”

निरगुडसरहून पुण्याला आणि पुण्याहून न्यू जर्सीला गेलेलं पोर घराघरांत आहे, म्हणून हा हिशोब करून टाकू. २०२४ च्या मॅक मिनीच्या भारतातल्या ५९,९०० मध्ये १८ टक्के जीएसटी आलेला होता; तो काढला की सुमारे ५०,७६० रुपये उरतात. अमेरिकेतली किंमत होती ५९९ डॉलर, तेव्हाच्या ८४ च्या आसपासच्या दराने ५०,३०० रुपये. मूळ किंमत जवळपास एकच. तिकडे राज्याचा विक्रीकर वेगळा पडतो. विमानाने येताना एका लॅपटॉपला जी स्वतंत्र सूट आहे ती डेस्कटॉपला लागू नाही. दुकानदार जीएसटीत नोंदलेला असेल तर इथल्या बिलावरचे ते ९,१४० रुपये त्याला क्रेडिट म्हणून परत मिळू शकतात. तिकडच्या बिलावर काहीच नाही.

“विंडोज १० संपलं, आता डबा भंगारात”

१४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा नियमित आधार थांबला. संगणक त्यामुळे बंद पडत नाही. सुरक्षेच्या दुरुस्त्या येणं थांबतं. घरगुती ग्राहकांना त्या दुरुस्त्यांसाठी १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंतची मुदत दिली गेली. विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय लागते आणि इंटेलची साधारण आठव्या पिढीपासून पुढची चिप. तेवढं असेल आणि आत अजून फिरती हार्ड डिस्क असेल, तर डबा बदलण्याआधी एसएसडी टाकून पाहावी. जो संगणक चहा होईपर्यंत सुरू होत नव्हता, तो अर्ध्या मिनिटात उभा राहतो. अशा वेळी नव्या मॉडेलची वाट निवांत पाहता येते, कारण काम अडलेलं नसतं.

आणि काम अडलेलं असेल तर? समजा रोज वीस मिनिटं संगणक अडल्यामुळे जातात. महिन्याचे पंचवीस दिवस, सहा महिने: पन्नास तास. हा थांबण्याचा भाव. तो कुठल्याच जाहिरातीत छापलेला नसतो, म्हणून मामांच्या हिशोबात येत नाही.

या भागातल्या दुकानाला स्वतःचं वेळापत्रक आहे आणि ते कंपनीच्या वेळापत्रकापेक्षा पक्कं आहे. गुढीपाडव्याला नारायणगावात तमाशाच्या फडांच्या राहुट्या लागतात, सुपाऱ्या ठरतात, आणि पाठोपाठ गावोगावच्या यात्रांची पत्रकं, फ्लेक्स, लग्नपत्रिका. मे-जूनमध्ये निकाल आणि दाखले. जुलैअखेरपर्यंत पीकविमा. आयकराचीही एक तारीख आहे. धंद्याच्या संगणकावर ४० टक्के घसारा मिळतो, पण आर्थिक वर्षात तो १८० दिवसांपेक्षा कमी वापरला तर निम्माच. म्हणजे हिशोब ठेवून कर भरणाऱ्याने संगणक ऑक्टोबरच्या पहिल्या दोन-तीन दिवसांपर्यंत वापरात आणलेला बरा. अंदाजित नफ्यावर कर भरणाऱ्याला हे लागू नाही. या तारखांपैकी जी सगळ्यात जवळ असेल तिच्या महिनाभर आधी खरेदी व्हायला हवी, म्हणजे फायली हलवायला, प्रिंटर जुळवायला आणि श्री-लिपीचं लॉक चालतंय की नाही हे पाहायला सवड मिळते.

याच परिसरात, नारायणगावजवळ खोडदला, दुकानातला डबा बदलण्याहून कितीतरी मोठा बदल होऊन गेला आहे. गोविंद स्वरूप यांच्या पुढाकाराने उभी राहिलेली जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीण, प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेनांची. तिच्या सुधारणेत एका वेळी टिपता येणारा लहरींचा पट्टा ३२ मेगाहर्ट्‌झवरून ४०० मेगाहर्ट्‌झपर्यंत नेला गेला आणि मागची आकडेमोड बाजारात मिळणाऱ्या संगणकांवर आणि ग्राफिक्स कार्डांवर आली. हे सगळं होईपर्यंत दुर्बीण बंद ठेवली नाही. नवी यंत्रणा जुनीच्या शेजारी उभी राहिली, जुनीवर निरीक्षणं चालूच होती.

निरगुडसरच्या दुकानातही तसंच करता येतं. नवा छोटा डबा मॉनिटरमागे लागतो, दाखले आणि अर्ज त्यावर जातात. जुना टॉवर इंटरनेटची तार काढून कोपऱ्यात, त्याच दोन विटांवर राहतो, लॉक खोचलेलं, जुन्या पत्रिकांच्या फायली आत. चैत्रात कुणी येऊन म्हणतं, “थोरल्या भावाच्या लग्नाची होती ना, तशीच काढा,” तेव्हा तो सुरू करायचा.